चावीवालीचा दिवस

साल २०४५, महिना मे, शहर पुणे. दिवस माझ्या मनातला आहे आणि त्यातली माणसंही. पण ज्या जलवाहिन्या, ओढे आणि कालवे यांच्या काठानं तो जातो ते खरे आहेत, आणि २०२५ पर्यंतचे दाखलेही घडलेले आहेत. भविष्यातल्या शहराची चित्रं बहुतेक वेळा वरून काढलेली असतात. गच्च्यांवर बागा, मधून सरकणाऱ्या बिनआवाजी गाड्या, आणि माणसं मुंग्यांएवढी. मला ते शहर रस्त्यावरच्या चेंबरपाशी उकिडवं बसून पाहायचं आहे. म्हणून हा दिवस सिंहगड रस्त्याच्या शेवटाकडच्या भागात पाण्याचे व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या एका बाईचा. खात्यात तिचं पद लांबलचक आहे. वस्तीत तिला चावीवाली म्हणतात.

पहाटे ३.३०

गळती ऐकायची वेळ हीच. दोन ते चारच्या दरम्यान शहर पाणी जवळपास वापरत नाही. तरी एखाद्या गल्लीच्या मीटरमधून पाणी पुढं सरकत असेल, तर ते जमिनीत मुरतंय असं धरून चालायचं. रात्रीच्या या किमान प्रवाहावरून गळती शोधायची रीत जुनी आहे, पण तिला एक अट आहे: वाहिनीत चोवीस तास दाब हवा. दिवसाला दोन तास पाणी सोडून चावी फिरवणाऱ्या शहराला रात्री ऐकायला काहीच नसतं. पुण्यानं समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले, तेव्हा कौतुक झालं ते रोख्यांचं. योजनेचा गाभा हा रात्रीचा हिशेब होता. त्या काळात शहराचं सुमारे ४० टक्के पाणी वाटेत जिरतं असं पालिकाच सांगत असे.

आता वाहिनीवर जागोजागी कानासारखी यंत्रं बसवलेली आहेत. गळतीचा आवाज दोन यंत्रांपर्यंत किती फरकानं पोचला यावरून जागा निघते, बऱ्याचदा वार-दोन वारांच्या आत. तरी चावीवालीच्या गाडीत लोखंडी कांब असते. एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर, दुसरं कानाच्या हाडाशी. लोखंडी वाहिनीत आवाज लांबवर जातो, प्लॅस्टिकच्या वाहिनीत लवकर मरतो. म्हणून प्लॅस्टिकच्या गल्ल्यांबाबत यंत्र जे सांगतं ते ती ऐकून घेते आणि स्वतः चालत जाते. आज एक जागा पक्की झाली, दुसरी निघाली कुणाच्या तरी गच्चीतली वाहती टाकी. बेल वाजवून घरमालकाला उठवलं. त्यानं तिला जे ऐकवलं ते २०४५ मध्येही छापण्याजोगं नाही.

सकाळी ६.१५

कचरावेचक मावशींची ढकलगाडी आता विजेवर चालते, एवढाच काय तो फरक. बाकी काम तेच: दारोदार जाऊन ओला, सुका वेगळा घेणं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढं ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली. घरटी शुल्क थेट वेचकाच्या हातात, असा हा व्यवहार. मधल्या काळात कॅमेऱ्यानं कचरा ओळखणाऱ्या यंत्रांनी ही माणसं हटतील असं पुष्कळांनी बजावलं होतं. माझ्या या शहरात ती हटलेली नाहीत. शंभर उंबऱ्यांवर रोज जाऊन घराघरातलं बिनसलेलं ओळखणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही, आणि बनवलं तर ते दारात उभं करून घ्यायला कुणी तयार होईल असं वाटत नाही.

“पोरी, मागल्या बोळातलं पाणी बघ जरा,” मावशी म्हणाल्या. “वास मारतोय.”

“तक्रार नाही आली कुणाची.”

“कशी येईल? सगळे भाडेकरू. उजाडायच्या आत कामाला जात्यात, राती येत्यात. पण तीन घरांच्या कचऱ्यात ओआरएसची पाकिटं दिसायला लागलीत. एका घरात एक असतं तर बोलले नसते.”

चावीवालीनं फोनवर भागाचा नकाशा उघडला. सगळं हिरवं.

सकाळी ६.५०

बोळातल्या शेवटच्या नळाखाली तिनं काचेची नळी धरली. क्लोरिन तपासायची पूर्वीची रीत ओटी टेस्ट. थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. तिच्या डबीतल्या गोळीनं गुलाबी व्हायला हवं. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक पाहिजे, हा नियम तिच्या जन्माआधीचा आहे. गोळी विरघळली, पाणी होतं तसंच राहिलं.

मग नकाशा हिरवा कसा? कारण क्लोरिन मोजणारं यंत्र टाकीच्या तोंडाशी बसवलेलं. तिथं पाणी चोख. पुढचे दोन किलोमीटर, चार वळणं, एक जुनी फांदी आणि बोळाचं बंद टोक ओलांडेपर्यंत त्याचं काय होतं, हे यंत्राला विचारलेलंच नाही. यंत्र खोटं बोललेलं नाही. जिथं उभं केलं तिथलं खरं त्यानं सांगितलं, आणि उभं कुठं करायचं हे ठरवताना कुणाला तरी बोळाचं टोक महाग वाटलं होतं.

या भागात ही चूक परवडणारी नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गिलियन-बारे सिंड्रोमची साथ आली. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. बोट रोखलं गेलं ते दूषित पाण्याकडे. यांतली काही गावं २०१७ साली, काही २०२१ साली पालिकेत आली होती. हद्दीची रेघ कागदावर पुढं सरकली, शुद्ध पाण्याची वाहिनी तिच्यामागून रखडत आली. शहर तेव्हा कागदोपत्री स्मार्ट होतं. स्मार्ट सिटी योजनेतल्या प्रकल्पांची सुरुवात जून २०१६ मध्ये पुण्यातूनच, पंतप्रधानांच्या हस्ते झालेली होती.

चावीवालीनं रस्त्यातलं झाकण उचललं, टीच्या आकाराची चावी घातली आणि बोळाची फांदी बंद केली. वस्तीच्या गटावर आवाजी निरोप टाकला: पाणी पिऊ नका, टँकर येतोय. फोन लगेच गुरगुरला. तिच्या भागाची चोवीस तास पाण्याची सलग नोंद तुटत होती, महिन्याचा गुणांक घसरत होता, ‘खात्री आहे का’ असं तीनदा विचारून झालं. तिनं तीनदा हो म्हटलं.

हे कल्पिताना मी एकच गोष्ट हट्टानं घुसवली आहे: चावी बंद करायला तिला वरची परवानगी लागत नाही. नियम तसा लिहिलेला आहे, आणि बंद केल्याबद्दल पगार कापता येत नाही असंही लिहिलेलं आहे. तंत्रज्ञानावर चालणाऱ्या शहराबद्दल मला कुणी एकच कलम लिहायला दिलं, तर मी हे लिहीन. बाकी कलमं लिहायला सल्लागार कंपन्या आहेतच.

सकाळी ९.१०

पर्वतीच्या जलकेंद्राकडे बसनं. बस विजेची, त्यात आता नवल नाही, पीएमपीच्या ताफ्यात पहिल्या विजेच्या बस २०१९ मध्येच आल्या. नवल हे की बस वेळेवर आली. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला बीआरटी प्रयोग पुण्यानं २००६ साली केला आणि मग त्याच मार्गिकेत स्वतः गाड्या घालून तो मोडीत काढला. २०१७-१८ मध्ये मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या रंगीत सायकली पदपथांवर अवतरल्या, आणि दोनेक वर्षांत तितक्याच झटपट दिसेनाशा झाल्या. पुण्याला नवं आणायला कधीच कष्ट पडलेले नाहीत. आणलेलं टिकवायचं खातं मात्र कुणाकडे आहे, हे इथं विचारावंच लागतं.

सकाळी ११.००

नियंत्रण कक्षात मे महिन्याचं नेहमीचं भांडण चाललेलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी. त्यावर शहरही जगतं आणि कालव्याखालची दौंड-इंदापूरकडची शेतीही. शहरानं वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात शेतीसाठी सोडायचं, हा तोडगा जुनाच. तोडगा चांगला, पण शेतकऱ्याला परत मिळणारं पाणी खरोखर शुद्ध असेल तर. एरवी शहरानं आपली घाण उसन्या भांड्यातून परत केली एवढाच त्याचा अर्थ.

आजचा विषय वेगळा होता. पाणी दहा टक्क्यांनी कमी करायचंय. कुठं किती कमी करायचं हे यंत्रानं सुचवलं होतं. सूचना देखणी. एकूण वीज कमीत कमी, तक्रारी कमीत कमी, आकडे जुळलेले. चावीवालीनं यादी वाचली आणि तिच्या लक्षात आलं की कपात सगळी टेकड्यांच्या उतारांवरच्या वस्त्यांवर आलेली आहे.

यात यंत्राचा काही दुष्टपणा नाही. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला नुसत्या हिशेबानंच पाव युनिटहून जास्त वीज लागते. पंपातली आणि वाहिनीतली तूट धरली तर आणखी. वीज वाचव असं सांगितलेलं यंत्र सगळ्यात आधी उंचीवरच्या माणसाचं पाणी तोडणार, कारण तेच सगळ्यात महाग. आणि पुण्यात उंचीवर कोण राहतं? मोठ्या सोसायट्याही राहतात, पण त्यांच्याकडे स्वतःचे पंप, जमिनीखालच्या टाक्या आणि वकील असतात. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या ठिकाणी पिंप असतं. तक्रारी कमीत कमी हा निकषही तसाच. पहाटे कामाला जाणारा भाडेकरू तक्रार करत नाही, म्हणजे त्याचं पाणी तोडणं यंत्राच्या दृष्टीनं बिनबोभाट.

“मग काय, हातानं करायचं का सगळं?” तरुण अभियंत्यानं विचारलं.

“हातानं नको सर. त्याला अट घाला. दर माणशी अमुक लिटरच्या खाली कुणाचं जाणार नाही. मग वीज वाचवू दे त्याला काय वाचवायची ती.”

अट घातली. विजेचं बिल थोडं वाढलं, आणि शहराच्या मध्यातल्या काही भागांत कपात वाढली. त्या भागांतून अर्ध्या तासात चौदा फोन आले. त्यातल्या दोघांना आयुक्तांचा नंबर पाठ होता.

दुपारी १.००

डबा: भाकरी, मेथी, ठेचा. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि पंप नेमके आताच पूर्ण ताकदीनं चालू झालेत. पूर्वी स्वस्त वीज रात्री मिळायची, म्हणून टाक्या रात्री भरायच्या. छपरांवर आणि माळांवर सौरपट्ट्या पसरल्या तसं हे उलटं झालं. उन्हाच्या तासांत वीज उतू जाते आणि संध्याकाळी महागते. ती उतू जाणारी वीज साठवायची कशात? बॅटऱ्या आहेत, पण उंचावरची पाण्याची टाकीही तेच काम करते. दुपारी उन्हानं पाणी वर चढवायचं, रात्री ते आपल्या वजनानं खाली येतं. नव्या टाक्या टेकड्यांवर बांधताना हा विचार कुणी केला होता की नाही ठाऊक नाही. पण शहरानं आधी एका कारणासाठी काही बांधावं आणि ते दुसऱ्याच कारणासाठी कामी यावं, हे पुण्यात नेहमीचं आहे.

वीज अजिबात न वापरणारी व्यवस्थाही याच शहरात होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं ते निव्वळ उतारावर. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास, पेठांतून हौद. त्या हौदांवर कोण पाणी भरू शकत होता आणि कोण नाही, हेही सांगायला हवं. ते वगळून जुन्या नळाचं कौतुक करणं सोपं आहे, आणि पुण्यात ते भरपूर होतं.

दुपारी २.४०

बोळात फिटर आणि दोन बिगारी खणत होते. चार फुटांवर सापडलं. नळजोडाची जुनी लोखंडी नळी थेट ड्रेनेजच्या चेंबरमधून गेलेली, आणि नेमकी तिथंच गंजून चाळण झालेली. वाहिनीत दाब आहे तोवर पाणी भोकातून बाहेर पडतं. दाब पडला की उलटं. वाहिनी बाहेरचं आत ओढून घेते. गेल्या आठवड्यात दुरुस्तीसाठी दोन रात्री दाब कमी केला होता, तेव्हा हे झालं असणार. चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंती चोचले असं ज्यांना वाटतं, त्यांना मी या खड्ड्याच्या काठावर उभं करीन. दोनच तास पाणी सोडणारं शहर उरलेले बावीस तास अशी प्रत्येक चाळण गटाराशी जोडून ठेवतं.

ही नळी नकाशात नव्हती. कुणीतरी, केव्हातरी, कुणाच्या तरी शब्दावर जोडलेली. शहराची डिजिटल प्रतिकृती म्हणून पडद्यावर जे सुरेख त्रिमितीय पुणं फिरतं, त्यात असली पुष्कळ पुणी नाहीत. फिटरनं नळी कापली, नवी ड्रेनेजला वळसा घालून टाकली, चावीवालीनं फोटोसकट नकाशात चढवली.

दुपारी ४.०५

वळीव येणार हे तासभर आधी कळलं होतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली सहा किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देणारी प्रणाली २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली; वीस वर्षांत त्या चौकटी आणखी लहान झाल्या असं मी धरून चालतो. खड्डा बुजवायला तेवढा वेळ पुरला.

ओढ्याकाठी मात्र तेवढ्यावर भागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा माणसं गेली, भिंती गेल्या, गाड्या वाहून गेल्या. पाऊस जोराचा होता हे खरं; ओढ्याचं पात्र आवळलेलं होतं हेही खरं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ती आठवण शहरानं पिढ्यान्‌पिढ्या जपली, पण ओढे जपले नाहीत. आता पुलांखाली पातळी मोजणारे डोळे आहेत, पाणी ठराविक रेघेवर गेलं की भोंगा होतो. शिवाय प्रत्येक काठच्या वस्तीत चार जणांकडे म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची यादी आहे, कुणाला कुणी उचलायचं ते ठरलेलं. भोंग्यावर जितका खर्च झाला त्याच्या चिमूटभर या यादीवर झाला असेल. आज दोन्ही वापरावी लागली. भोंगा पहिल्या पुलापाशी वाजला, तिसऱ्या पुलापाशी भिजून बसला.

आपोआप चालणाऱ्या यंत्रांचं अप्रूप पुण्याला नवं नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की आपसूक उघडणारे, उतरलं की मिटणारे. ना वीज, ना संगणक. मला त्यातला शहाणपणा वाटतो तो असा: दरवाजा केव्हा उघडेल हे काठावरच्या कुणालाही नुसतं पाणी पाहून सांगता येत होतं. नियंत्रण कक्षातल्या यंत्राबद्दल तेवढं कुणी सांगून दाखवावं.

संध्याकाळी ६.३०

नदीवरून जाताना तिनं नाकाला पदर लावला नाही. एवढ्यावरच थांबतो. जपानी कर्जाच्या मदतीनं अकरा सांडपाणी केंद्रांचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला, आणि पुढच्या रखडपट्टीवर पुणेकरांनी इतकं लिहिलं आहे की तेवढ्या शाईनं नदी आणखी काळी झाली असती.

रात्री ९.२०

बोळाची वाहिनी दोनदा धुऊन काढली. शेवटच्या नळाचं पाणी तपासलं, गुलाबी. शेजारच्या चार नळांचं तपासलं, गुलाबी. मग चावी उघडली आणि टँकरवाल्याला परत पाठवलं. ज्या तीन घरांतून पाकिटं निघाली होती तिथं आशाताई जाऊन आल्या. एका पोराला दवाखान्यात हलवलं होतं, बाकीची बरी होती.

राहिला अहवाल. ‘बिघाड प्रथम कोणी नोंदवला?’ या रकान्यात तीनच पर्याय: यंत्र, ग्राहक, कर्मचारी. मावशी तिन्हींत बसत नव्हत्या. तिनं ‘इतर’ मागून घेतलं, सर्व्हरनं नकार दिला, तिनं वरच्या साहेबांना फोन लावला आणि रकाना वाढवून घेतला. त्यासोबत दुसरी मागणी लिहिली. टाकीवरच्या यंत्राच्या देखभालीला महिन्याला जे पैसे जातात, त्यातला वाटा अशा खबरीसाठी कचरावेचकांना मिळावा, दर पक्का करावा, आणि आजचा पहिला हप्ता उद्याच जमा व्हावा. साहेब म्हणाले, याला हेड कुठलं लावायचं? ती म्हणाली, यंत्राला जे लावता तेच लावा.

मग मावशींना फोन करून सांगितलं.

“किती देणारेत?” मावशींनी विचारलं.

तिनं आकडा सांगितला.

“महिन्याला का एका बारीला? आणि लिहून देणार का तोंडी? तोंडी असंल तर उद्यापासनं मला कायबी दिसत नाय बघ.”

“लिहून घेते मावशी.”

“घे. आणि पलीकडच्या सोसायटीतबी चक्कर टाक. दोन दिस झालं तिथला ओला कचरा निम्म्यावर आलाय. सगळी गावाला गेलीत, का जेवण जात नाय, ते बघ.”